निवळ

पहाटे पाचला पंपघर उघडते.
कुलूप गार, तोंडात बॅटरी,
कदमवाडीत दूधवाल्यांशिवाय कुणी जागं नाही.
कोपरापर्यंत हात बुडवून पाणी घ्यायचं,
वरवरचं नाही. वरचं पाणी खोटं बोलतं.
दोन नळ्या. दोन बाटल्यांतले मोजके थेंब.
मग उजाडायची वाट बघायची,
कारण ट्यूबलाइटखाली रंग ओळखायचा नसतो,
हे कुणी शिकवलं नाही मला,
एकदा चुकले तेव्हा कळलं.

एक नळी हळदीच्या पाण्याइतकी पिवळी: क्लोरीन पोटापुरतं आहे.
दुसरी, पिकायला लागलेल्या टोमॅटोसारखी: सात पॉइंट चार.
त्याच्या फार खाली गेलं की पाणी शिडीचं लोखंड खातं,
वर गेलं की औषध आळसावतं,
पोरांचे डोळे लाल, आणि आयांचे फोन मला.

सातच्या बॅचला तालमीची पोरं.
अंग धुऊन या म्हटलं तर शॉवरखालून
नुसती एक प्रदक्षिणा घालतात,
कानात लाल माती तशीच.
घोरपडे सर नाक मुरडतात,
"बाई, औषध लई झालंय. वास बघा की."
सर, हा वास औषधाचा नाही,
घामाशी, मुताशी झुंजून दमलेल्या औषधाचा आहे.
कमी पडलंय म्हणून येतोय.
सर हसतात, शिट्टी फुंकतात.
रात्री तलाव रिकामा झाला की मी भरपूर टाकते.
दुसऱ्या दिवशी वास नाही.
"बघा, कमी केलंत न्हवं?"
व्हय सर, म्हणते मी.

आप्पा गुळव्या होते, वडणग्याला, चाळीस हंगाम.
चुन्याची निवळी किती, भेंडीचा रस कधी,
मळी फुगून वर आली की कुठल्या बाजूनं ओढायची,
नळी नाही, थेंब नाहीत.
चुना कमी तर गूळ बसत नाही,
जास्त तर काळा पडतो
आणि सौद्यात त्या ढेपेकडे कुणी मान वळवत नाही.
थोरल्याला शिकवलं त्यांनी.
तो आता पुण्यात कुरिअर वाटतो.
मला म्हणायचे, लांब थांब, पोळशील.
लांबून बघितलं मी.
लांबून बघितलं तरी बरंच कळतं.

परवा संध्याकाळी आले, पहिल्यांदाच,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी,
मे महिना, दिवसभर गर्दी उसळलेली.
काठावर उकिडवे बसले.
बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं,
पाकाची तार बघावी तसं.
"बुळबुळतंय. चुना चढलाय."
आप्पा, इथं चुना नसतो, म्हटलं मी,
आणि तरी नळी भरली.
गुलाबी. लग्नातल्या फेट्याइतकी गुलाबी.
आठच्या वर.

हातमोजे चढवले. बादलीत आधी पाणी, मग ॲसिड.
उलटं कधीच नाही, सांगितलं त्यांना.
"चुलवाणाजवळबी असंच," म्हणाले,
"आधी कुणाला ओतायचं त्याला महत्त्व."
खोल बाजूनं ओतत गेले, पंप चालू,
ते आवाजावरून माझ्याबरोबर मान फिरवत होते.

"हितनं शेवटी निघतं काय?"
काय सांगू. ढेप नाही, वजन नाही,
पिवळाधमक रंग दाखवायला नाही.
काहीच नाही निघत, आप्पा. उद्या परत.
बराच वेळ बोलले नाहीत.
मग, "तरी दिवस भरला, हे कळतं कसं?"

एक रुपया काढला, आठ फुटांत टाकला.
रोज टाकते. खालची बाजू वाचता आली
की कुलूप लावून घरी.
डुगडुगत गेला, फरशीवर टेकला, हलायचा थांबला.
आप्पांनी वाकून बघितलं, जणू दिसतंय.

"छापा का काटा?"

थांबा, म्हटलं. पाणी अजून हलतंय.